नाव रेजिमेंटचं, लढाई पलटणीची

दरवर्षी सव्वीस जानेवारी जवळ आली की फोनवर एक लांबलचक संदेश फिरू लागतो. वर तिरंगा, खाली ‘प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा’. मजकूर थोडाफार बदलतो, पण त्यातले सहा दावे कायम असतात. मराठा लाईट इन्फंट्री ही थेट शिवछत्रपतींची फौज, इंग्रजांनी तिचं फक्त नाव बदललं. भीमा कोरेगावची लढाई महार रेजिमेंटने जिंकली. १९६५ च्या युद्धात वीस हजारांच्या ‘मुस्लिम रेजिमेंट’ने पाकिस्तानविरुद्ध लढायला नकार दिला, म्हणून ती बरखास्त झाली. खरं लढतं ते पायदळ, इंजिनिअर वगैरे मागचे कामगार. पुण्याची सदर्न कमांड म्हणजे विश्रांतीची जागा. आणि शेवटचा: रेजिमेंटच्या नावात जी जात किंवा जो प्रांत, तेच लोक तिच्यात.

यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीन जणांनी टाकला. तिघंही सैन्यावर मनापासून प्रेम करणारे. म्हणूनच उत्तर लिहायला बसलो. ज्यांच्याविषयी आपल्याला इतका अभिमान आहे, त्यांच्याबद्दल चुकीचं बोलणं हा त्यांचा अपमानच आहे, मग तो कौतुकाच्या सुरात का असेना.

दाव्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट. माझे काका फौजेत होते. गावात कुणी ‘मीपण मराठात होतो’ असं म्हटलं की काका लगेच विचारायचे, ‘कितवी?’ फौजी माणसाला रेजिमेंटचं नाव पुरत नाही, त्याला बटालियनचा नंबर लागतो. या बटालियनला फौजेत पलटण म्हणतात. रेजिमेंट म्हणजे कूळ आणि पलटण म्हणजे घर, असं समजा. भरती, प्रशिक्षण, निशाण, परंपरा हे सगळं कुळाकडून येतं. पण जवान राहतो, लढतो आणि प्रसंगी मरतो तो आपल्या आठशेएक माणसांच्या पलटणीत. रेजिमेंट अख्खी एका ठिकाणी लढायला जात नाही. वेगवेगळ्या कुळांच्या तीनेक पलटणी मिळून ब्रिगेड होते, ब्रिगेडींची डिव्हिजन, डिव्हिजनांची कोअर, आणि सगळ्यांच्या वर कमांड. रेजिमेंट माणसं घडवते, कमांड युद्ध चालवते. या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्या संदेशातला निम्मा घोटाळा त्या एकच समजल्यामुळे झाला आहे.

उत्तर देताना मी शक्यतो एकाच पलटणीचा माग धरणार आहे. १७९७ साली उभी राहिलेली ही पलटण सहापैकी बहुतेक दाव्यांच्या आड येते.

पहिला दावा, शिवछत्रपतींच्या फौजेचा. महाराजांचं निधन १६८० साली झालं. मराठा लाईट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण, जिला आज ‘जंगी पलटण’ म्हणतात, १७६८ साली मुंबईत उभी राहिली. उभी केली ईस्ट इंडिया कंपनीने, आपलं ठाणं आणि वखारी राखायला. पुढच्याच वर्षी दुसरी आली. मी म्हणतो ती १७९७ ची पलटणसुद्धा कंपनीच्या मुंबई फौजेचीच. त्या काळात या इलाख्यात कंपनीचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी कोण होता? पुण्याचे पेशवे आणि त्यांचे सरदार. ज्या फौजेतून आजची मराठा रेजिमेंट वाढली, ती फौज मराठी राज्याच्या समोरच्या बाजूला उभी होती. हे वाचायला कडू लागतं, मलाही लागलं होतं. पण तारखा तशाच आहेत.

‘मराठा’ हा शब्दसुद्धा या पलटणींच्या नावात फार उशिरा आला. १९०३ साली हिंदुस्थानातले इंग्रज सरसेनापती किचनर यांनी सगळ्या हिंदी फौजेचे क्रमांक नव्याने लावले, तेव्हा ‘बॉम्बे’ नावाच्या काही पलटणी ‘मराठा’ झाल्या. आपली पलटण तेव्हा ११० वी मराठा लाईट इन्फंट्री झाली. १९२२ साली अशा पलटणी एकत्र आणून एक रेजिमेंट बनवली आणि तिचं केंद्र बेळगावला ठेवलं. ते आजही तिथेच आहे.

मग ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही या रेजिमेंटची युद्धघोषणा कुठून आली? ती अगदी खरी आहे. रेजिमेंटचा ‘मराठा दिवस’ ४ फेब्रुवारीला असतो, कारण १६७० साली त्याच तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. कंपनीच्या कागदांत यातलं काहीही नव्हतं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडच्या खेड्यांतून आलेल्या पोरांनी महाराजांना स्वतःबरोबर पलटणीत नेलं आणि परक्या सरकारने उभ्या केलेल्या फौजेच्या तोंडी आपल्या राजाचं नाव ठेवलं. मला ही गोष्ट त्या संदेशातल्या कहाणीपेक्षा कितीतरी मोठी वाटते. आयता मिळालेला वारसा सांभाळणं वेगळं आणि तो नसलेल्या जागी रुजवणं वेगळं.

या पलटणीने काय भोगलं तेही सांगतो. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. कुत-अल-अमारा इथे तुर्की सैन्याने ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या फौजेला वेढा घातला आणि उपासमारीने गांजलेल्या त्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. शरण गेलेल्यांत ११० वी मराठाही होती. दुसऱ्या महायुद्धात तीच पलटण, आता मराठा रेजिमेंटची तिसरी म्हणून, इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे चालून गेले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या संपल्यावर बंदूक दांडक्यासारखी फिरवली आणि ते ठाणं घेतलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. माणगाव तालुक्यातला हा जवान मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस जंगी पलटणीच्या नामदेव जाधवांना १९४५ साली सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला.

दुसरा दावा कोरेगावचा. इथे मी शब्द जपून वापरतो, कारण यात लोकांच्या जिवाचा सन्मान गुंतलेला आहे.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात कंपनीकडून लढली ती पहिल्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची दुसरी पलटण. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे पाचशे शिपाई, सोबत पुण्याच्या ऑक्झिलरी हॉर्सचे काही स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. विजयस्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावं ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी आहेत, आणि त्या काळी तो महार शिपायांच्या नावाचा भाग असे. ते तिथे होते, ते लढले, ते तिथेच पडले. याबद्दल शंका घेणाऱ्यांनी स्तंभासमोर उभं राहून ती नावं वाचावीत.

पण महार रेजिमेंट तिथे नव्हती. ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, लढाईनंतर १२३ वर्षांनी. कोरेगावात लढलेल्या पलटणीला त्याच पराक्रमाबद्दल ‘ग्रेनेडियर’ हा किताब मिळाला आणि तिची वंशावळ आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीपर्यंत जाते. स्वारांची वंशावळ पूना हॉर्समध्ये जाते. कोरेगावचा युद्धसन्मान कागदोपत्री आहे तो ग्रेनेडियर्स आणि पूना हॉर्स यांच्याकडे.

‘तपशिलाची चूक आहे, भावना बरोबर आहे’ असं मला एकाने सांगितलं. मला ते पटत नाही. कोरेगाव आणि महार रेजिमेंट यांच्यामध्ये जी १२३ वर्षं आहेत, ती या एका वाक्यात गिळली जातात. आणि त्यातच खरा इतिहास आहे. मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेल्या महारांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जातीं’च्या, म्हणजे ठरावीक जातीच लढाऊ असतात या इंग्रजांच्या सिद्धान्ताखाली भरतीचे दरवाजे बंद झाले. ज्या घरांत शिक्षण, पेन्शन आणि ताठ मान फौजेमुळे आली होती, त्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली गेली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी सरकारकडे पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी झाली, आणि युद्ध संपून काही वर्षं होतात न होतात तोच ती मोडली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट झाली.

कोरेगाव महार रेजिमेंटनेच जिंकलं असं म्हटलं, की रेजिमेंट पहिल्यापासून होतीच असा अर्थ निघतो. मग वलंगकरांनी कशासाठी अर्ज केला? कांबळे कुणाशी भांडत होते? रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, तो काय सांगत होता? आमचे पूर्वज तिथे लढले होते, तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत, आम्ही परत आलो आहोत, हे तो सांगत होता. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला.

तिसरा दावा सगळ्यांत विषारी, म्हणून त्यावर जास्त वेळ देतो.

१९६५ साली भारतीय सैन्यात ‘मुस्लिम रेजिमेंट’ नव्हती. त्याआधी नव्हती, नंतरही झाली नाही. नसलेल्या रेजिमेंटने नकार देणं आणि तिला बरखास्त करणं दोन्ही अशक्य. साधा हिशोब करा. वीस हजार जवान म्हणजे सुमारे पंचवीस पलटणी. प्रत्येक पलटणीला क्रमांक असतो, निशाण असतं, कमांडिंग अधिकारी असतो, डायऱ्या असतात, पेन्शनीची खाती असतात. रेजिमेंटला केंद्र लागतं, तिथे कसम परेड होते. या ‘मुस्लिम रेजिमेंट’चं केंद्र कुठल्या गावात होतं? तिची चौथी पलटण १९६२ साली कुठे होती? संदेशात काहीच नाही. मोडलेली पलटणसुद्धा मागे खुणा ठेवून जाते. १११ वी महार काही वर्षंच टिकली, तरी शंभर वर्षांनंतर मला तिचा क्रमांक आणि साल सांगता येतं.

‘शीख रेजिमेंट आहे, मग मुस्लिम रेजिमेंट का नाही? नक्की काहीतरी घडलं असणार,’ असा युक्तिवाद त्याच्या जोडीला येतो. उत्तर १८५७ पासून सुरू होतं. उठावानंतर इंग्रजांनी एकाच पलटणीत वेगवेगळ्या समाजांच्या कंपन्या (म्हणजे पलटणीतल्या शंभरेक जणांच्या तुकड्या) ठेवायची पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. मुसलमान जवान पंजाब, बलुच, फ्रंटियर फोर्स, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स अशा अनेक रेजिमेंटांत कंपन्यांच्या रूपाने होते. १९४७ साली फाळणी झाली ती सैन्याचीही. बलुच आणि फ्रंटियर फोर्ससारख्या रेजिमेंटी पाकिस्तानकडे गेल्या, त्यांतल्या हिंदू आणि शीख कंपन्या भारतात आल्या, आणि इकडच्या पलटणींतल्या बऱ्याच मुसलमान कंपन्या तिकडे गेल्या. जे इथे राहिले ते आपापल्या पलटणींत राहिले.

राहिलेल्यांपैकी एक, मोहम्मद उस्मान. ते बलुच रेजिमेंटचे अधिकारी. त्यांची रेजिमेंट पाकिस्तानात गेली, ते गेले नाहीत. त्यांना डोग्रा रेजिमेंटमध्ये घेतलं. १९४८ साली काश्मीरमध्ये ते ५० पॅरा (विमानातून छत्रीने उतरणाऱ्या जवानांच्या) ब्रिगेडचे ब्रिगेडिअर होते, नौशेरा त्यांनी राखलं आणि आधी हातचं गेलेलं झांगड मार्च १९४८ मध्ये परत घेण्यात त्यांची ब्रिगेड होती. त्यांच्या हाताखाली कोण होतं? १७९७ ची आपली तीच पलटण. ती आता छत्रीधारी झाली होती आणि तिचं नाव होतं ३ (पॅरा) मराठा लाईट इन्फंट्री. ३ जुलै १९४८ रोजी झांगडला तोफगोळा फुटून ब्रिगेडिअर उस्मान गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. ‘शिवाजी महाराज की जय’ म्हणणारे मराठे त्यांच्या हुकमावर डोंगर चढले होते. संदेश पुढे ढकलताना या एका गोष्टीवर क्षणभर थांबा.

आता १९६५. १० सप्टेंबरला खेमकरण भागात चीमा गावाजवळ पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले, तेव्हा जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने ते एकापाठोपाठ फोडत जाणारा आणि शेवटी तिथेच शहीद झालेला जवान ४ ग्रेनेडियर्सचा होता. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, परमवीर चक्र. त्याच युद्धात सियालकोट आघाडीवर १८ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे आयुब खान यांना वीर चक्र मिळालं. पुढे ते झुंझुनूचे खासदार आणि केंद्रात मंत्री झाले. ज्या युद्धात ‘मुसलमान लढले नाहीत’ असं हा संदेश सांगतो, त्याच युद्धातल्या सर्वोच्च शौर्यपदकावर अब्दुल हमीदांचं नाव कोरलेलं आहे. माजी सैनिकांना ही अफवा इतकी लागली की २०२० साली नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास यांच्यासह शंभरावर माजी सैनिकांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून ती पसरवणाऱ्यांवर कारवाईची मागणी केली. ती अफवा आमच्या ग्रुपवर मात्र यंदाही आली.

इंजिनिअरांबद्दलच्या चौथ्या दाव्याला फार शब्द लागत नाहीत. झांगड परत घेतल्यानंतर पुढच्याच महिन्यात त्याच आघाडीवर रणगाडे नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले. रस्त्यात सुरुंग पेरलेले, पूल उडवलेले, आडवी झाडं टाकलेली, वरून मारा चालू. ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत तो रस्ता खुला केला सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी, बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअरांच्या मूठभर माणसांसह. तोफगोळ्यांच्या पहिल्याच माऱ्यात त्यांची माणसं मेली, ते स्वतः जखमी झाले. एका जागी ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली झोपून त्याच्याबरोबर सरपटत गेले आणि हातातल्या दोरीने वर चालकाला इशारे देत राहिले. कारवारजवळच्या चेंडिये गावचे राणे हे हयातीत परमवीर चक्र मिळालेले पहिले भारतीय. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र पुण्यात खडकीला आहे. रस्ता नसेल तर पायदळ पोहोचत नाही, दारूगोळा आणि शिधा नसेल तर ते टिकत नाही, सिग्नलची तार तुटली तर त्याला काही दिसत नाही.

पाचवा दावा सदर्न कमांडचा. तिचं मुख्यालय पुण्यात, रस्ते सावलीचे, बंगले जुने, म्हणून असा समज झाला असावा. सैन्याच्या आज सात कमांड आहेत: उधमपूरला नॉर्दर्न, चंडीमंदिरला वेस्टर्न, जयपूरला साउथ वेस्टर्न, लखनौला सेंट्रल, कोलकात्याला ईस्टर्न, पुण्याला सदर्न आणि शिमल्याला ट्रेनिंग कमांड. मुख्यालय कुठे आहे यावरून कमांड कुठे लढते हे ठरत नाही. सदर्नच्या हद्दीत राजस्थान-गुजरातकडची सीमा येते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची कारवाई या कमांडने केली, तेव्हा तिचे प्रमुख राजेंद्रसिंहजी होते. १३ तारखेला फौजा आत शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाच्या सैन्याने शस्त्रं ठेवली. मराठवाड्यातल्या माणसाला तरी सदर्न कमांड ही विश्रांतीची जागा वाटू नये.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त केला तोही याच कमांडने. प्रमुख जयंतनाथ चौधरी, सोबत मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आणि ब्रिगेडिअर सगत सिंगांची ५० पॅरा ब्रिगेड. त्या ब्रिगेडची एक तुकडी उसगाव मार्गे फोंड्यावर गेली. ती पलटण होती २ पॅरा (मराठा). नाव नवं, पण घर तेच: १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा आपली १७९७ ची पलटण मराठा रेजिमेंटमधून काढून तिला दिली गेली. उस्मानांच्या हाताखाली झांगडला लढलेली पलटण तेरा वर्षांनी फोंड्यात होती. आणि १९७१ साली राजस्थानातल्या लोंगेवालाच्या चौकीवर २३ पंजाबच्या एका कंपनीने रणगाड्यांचा लोंढा रात्रभर थोपवला, सकाळी हवाई दलाच्या हंटर विमानांनी तो फोडला, ती आघाडीसुद्धा पुण्याहून चालवली जात होती.

उरला तो शेवटचा दावा, नावात जे आहे तेच आत आहे हा. काही रेजिमेंटांत विशिष्ट समाजांची भरती आजही होते, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र जात, धर्म किंवा प्रांताच्या नावाने नवी रेजिमेंट उभी करायची नाही असं सरकारचं धोरण राहिलं. १९४९ साली ब्रिगेड ऑफ द गार्ड्स झाली ती सगळ्या भारतातून भरती करणारी, आणि तिचं केंद्र आपल्या कामठीला आहे. अधिकाऱ्यांना तर जातीची किंवा प्रांताची अट नाहीच.

जुन्या नावांच्या आत काय आहे ते बघा. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी चीनविरुद्धच्या युद्धात लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत जवळपास शेवटच्या माणसापर्यंत लढलेली कंपनी १३ कुमाऊँची. त्यातले जवान हरियाणाचे अहीर, त्यांचे मेजर शैतान सिंग जोधपूरकडचे राजपूत. कुमाऊँ फक्त नावात. महार रेजिमेंटमध्ये आज सर्व समाजांचे आणि प्रांतांचे जवान आहेत. १९५६ साली पंजाबच्या सीमेवरच्या बॉर्डर स्काउट्सच्या तीन पलटणी तिच्यात आल्या आणि आठवी, नववी, दहावी महार झाल्या. त्यातल्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत वाढलेले तमिळ, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत रात्रीच्या दबा हल्ल्यात छातीत गोळी लागल्यावरही भिडले आणि समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारून मग पडले. महार रेजिमेंटचं हे परमवीर चक्र. लष्करप्रमुख कृष्णराव आणि सुंदरजी हे दोघंही याच रेजिमेंटचे.

आणि १९७१. पूर्व पाकिस्तानात जमालपूरला ३१ बलुच पलटण घट्ट बसली होती. ही बलुच रेजिमेंट म्हणजे उस्मान जिच्यातून आले तीच. ब्रिगेडिअर क्लेर यांनी शरण येण्यासाठी चिठ्ठी पाठवली, तेव्हा पलीकडच्या कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्या पलटणीने ढाक्याच्या दिशेने निसटायचा प्रयत्न केला. वाटेत जंगी पलटण दबा धरून होती, १७६८ ची, मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली. बलुचांचे हल्ले एकामागून एक मोडले. जंगी पलटणीचे कमांडिंग अधिकारी होते लेफ्टनंट कर्नल ब्रार.

११ डिसेंबरच्या दुपारी तिथून दक्षिणेला टांगाइलजवळ आकाशातून छत्र्या उतरल्या. २ पॅरा, लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या हाताखाली. काम एकच: पुंगली पूल घ्यायचा आणि उत्तरेकडून ढाक्याला परतणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडायची. पूल घेतला, राखला. मग जमालपूरकडून जमिनीवरून येणारी फौज त्यांना येऊन मिळाली, आणि त्या फौजेत जंगी पलटण होती. मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली आणि एके काळची तिसरी अशी एकाच कुळातली दोन घरं, दोघांचे कमांडिंग अधिकारी शीख, बंगालमधल्या एका पुलावर भेटली. तिथून त्यांनी ढाक्याचा रस्ता धरला.